वळणावरचं वाळवण

आमच्या शेजारचे गोमाकाका बारा महिने रस्त्यावर वाळवण घालतात. भात असला तर भात, मोहाची फुलं असली तर फुलं. काहीच नसलं तर माझी जुनी साडी मागून नेतात, डांबरावर पसरतात, चार टोकांना चार दगड ठेवतात, वर मूठभर भात टाकतात आणि काठी घेऊन राखणीला बसतात.

टोकावड्याहून माळशेजकडे जाताना आमचं वळण लागतं. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला ओढा. माकडं, भेकरं पाण्याला इथूनच उतरतात. गाड्या मात्र सुसाट.

"माणसाला उडवतील गो," काका म्हणतात, "पण अन्नावर चाक घालायला अजून भितात."

खरंच, वाळवण दिसलं की गाडी हळू होते.

एकदा भर पावसात एका पाहुण्याने विचारलं, "बाबा, आज कसलं वाळवण?"

"तुमची घाई वाळवतोय," काका म्हणाले आणि त्याच्या हातातला वेफरचा पुडा काढून घेतला. "माकडांना ह्ये द्यायचं नाय. त्यांचा सैपाक जंगलात हाय."

या पुड्यांवरूनच त्यांचं घर फुटलं. त्यांच्या मुलाने, दिनेशने, वळणावर टपरी टाकली होती. लोक वेफर घ्यायचे, माकडांना फेकायचे. माकडं रस्त्यातच बसू लागली. एका दुपारी एक पिल्लू चाकाखाली गेलं. काकांनी त्याच दिवशी टपरी उपटली. दिनेश मुरबाडला गेला, पर्यटकांची गाडी चालवू लागला. घरी पुन्हा आला नाही.

यंदा वळणावर गतिरोधक झाला, जनावरांच्या चित्राची पाटी लागली. नारळ काकांच्याच हातून फोडला. मला वाटलं, माझ्या साड्या सुटल्या. तर रविवारी सकाळी काका दारात.

"साडी दे गो."

"आता कशाला, काका?" मी कधी नव्हे ते विचारलं.

"गतिरोधकावर गाडी आदळते नि निघून जाते. काच खाली होत नाय."

मला काही कळलं नाही. ओट्यावर भाजी निवडत बसले. थोड्या वेळाने एक पांढरी गाडी साडीपाशी थांबली. काच खाली झाली.

"बा, बाजूला हो! मरशील एखाद दिशी!" आतून दिनेश ओरडला.

काका सावकाश उठले. एक दगड उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. मागे हॉर्न वाजत होते.

"जेवतोस ना येळेवर?" त्यांनी विचारलं.

काच वर गेली. गाडी घाटाकडे निघून गेली.

काकांनी साडी उचलली आणि रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, परतीच्या गाड्यांच्या बाजूला, नीट पसरली.