घंटा थांबली रे थांबली

नव्या घंटेची पेटी देलिओने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि उघडण्याआधी चक्क हात धुतले. त्याची बायको नाझारेना चुलीपाशी उभी राहून बघत राहिली. जेवायला बसताना हा माणूस कधी हात धुवत नसे.

"पितळेची आहे. ब्रीनासाठी खास बनवून घेतली," तो म्हणाला. "बनवणारा सांगत होता, इतका बारीक, गोड आवाज आपल्या अख्ख्या डोंगरात दुसऱ्या कुत्र्याच्या गळ्यात नाही."

"जुनीला काय झालं होतं?"

"काय?"

"जुनीला काय धाड भरली होती?"

"अगं, ओरडतेस कशाला? जुनी फुरियाची होती. लोखंडी, ढबढब वाजणारी. ब्रीना कोवळी पोर आहे, तिच्या गळ्यात तसलं धूड शोभेल का?" त्याने घंटा अगदी कानाशी नेऊन हलवली आणि डोळे मिटून घेतले. "वा!"

आधीच्या कुत्रीची, म्हणजे फुरियाची, जुनी घंटा नाझारेनाने कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला बांधून टाकली. देलिओने चौतीस वर्षं लाकूड कापायच्या गिरणीत काढली होती. निवृत्त होऊन त्याला तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत नाझारेना तोंडातल्या तोंडात बोलायला लागली आहे, अशी त्याची तक्रार होती. त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या शेजारी आपल्या घरात बसून ऐकत. दोनदा तिने डॉक्टरचं नाव काढलं, तेव्हा तो म्हणाला, "जा की, दाखवून ये. घशाचंच काहीतरी असणार."

ऑक्टोबर संपता संपता समुद्रावरून गार वारा सुटला आणि गावातल्या शिकाऱ्यांच्या अंगात आलं. असा वारा सुटला म्हणजे राणी आली. वुडकॉक या पक्ष्याला तिकडे कुणी नावाने हाक मारत नाही, राणीच म्हणतात. पालापाचोळ्याच्या रंगाची, लांब चोचीची ही राणी झुडपाखाली बसली की माणसाला जन्मात दिसायची नाही. कुत्र्याला मात्र तिचा वास येतो. वास आला की कुत्रं जागच्या जागी थबकतं, आणि दाट झाडीत कुत्रंही दिसत नाही, म्हणून त्याच्या गळ्यात घंटा. घंटा वाजतेय तोवर कुत्रं शोधतंय. घंटा थांबली की समजायचं, राणी त्याच्या नाकासमोर आहे.

पहिल्या रविवारी उजाडता उजाडता देलिओ ओढ्यापलीकडच्या रानात शिरला. अर्थात एकटाच. आपली जागा तिथला शिकारी सख्ख्या भावालाही दाखवत नाही. ब्रीना उड्या मारत झाडीत घुसली, घंटेची किणकिण दहा पावलं ऐकू आली, वीस पावलं ऐकू आली आणि थांबली.

देलिओ एका पायावरच थबकला. पहिल्याच दिवशी, पहिल्याच पाच मिनिटांत! तो चवड्यांवर निघाला. काटकी मोडू नये म्हणून प्रत्येक पाऊल आधी चाचपून टाकत होता. साठ पावलं जायला त्याला पाव तास लागला. तिथे कुणीच नव्हतं. ब्रीना मागून धावत आली, जीभ बाहेर, शेपटीला काटे, आणि हा इथे वाकून काय करतोय अशा नजरेने त्याच्याकडे बघायला लागली.

"पायी पायी सटकली ना?" देलिओ तिला म्हणाला. "बेरकी असते ती. तुझी चूक नाही, बाळा."

पुन्हा ब्रीना झाडीत, पुन्हा वीस पावलं, पुन्हा घंटा थांबली. दुपारपर्यंत हे एकोणीस वेळा झालं. घरी येताना देलिओ लंगडत होता, पण डोळे चकाकत होते. फुरिया तिच्या ऐन उमेदीतही एका दिवसात सहापेक्षा जास्त वेळा कधी थबकली नव्हती.

गावातल्या बारमध्ये शिकाऱ्यांचा एक शिरस्ता होता. कुठे गेलो ते सांगायचं नाही, आणि जे दिसलं ते निम्मं करून सांगायचं. देलिओला राहवलं नाही. बडीशेपेच्या दारूचा घोट घशाखाली उतरायच्या आत तो बोलून गेला, "एकोणीस वेळा थबकली ब्रीना."

सगळ्यांचे पेले हवेतच राहिले. फोस्को न्हावी कोपऱ्यातून म्हणाला, "कुठे रे?"

"रानात."

"रानात ते कळलं. कुठल्या?"

"झाडं असतात त्या."

सोमवारी उजाडायच्या आत देलिओच्या गाडीच्या चिखलातल्या खुणा धरून तेवीस गाड्या ओढ्यापलीकडे पोचल्या. शेजारच्या खोऱ्यातलेही आले होते. एकोणीस निम्मे करून सांगितले असतील, म्हणजे खरे अडतीस, असा त्यांचा सरळ हिशेब होता. चाळीस माणसं आणि पन्नास कुत्र्यांनी रान विंचरून काढलं. एक साळिंदर आणि कुणाचा तरी दोन वर्षांपूर्वी हरवलेला बूट, एवढंच हाती लागलं.

"तुझी कुत्री थापाडी आहे," फोस्कोने संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "राणी नसताना थबकते. पालापाचोळ्याला सलाम ठोकते."

कुत्र्याला शिव्या चालतात तिथे, पण थापाडं म्हणणं म्हणजे घराण्यालाच बट्टा. त्यातून फोस्कोच्या मनात जुना सल होता. सात वर्षांपूर्वी त्याचा कुत्रा लाम्पो तीनदा खोटा थबकला, तेव्हा याच देलिओने शिकारी मंडळाच्या बैठकीत उभं राहून नियम करून घेतला होता. जे कुत्रं हंगामभर खोटं बोलेल आणि एकही राणी दाखवणार नाही, त्याने पुन्हा रानात यायचं नाही. तेव्हापासून लाम्पो न्हाव्याच्या दुकानातल्या कोचावर झोपून होता. गिऱ्हाइकांना उभ्याने थांबावं लागे.

"नियम म्हणजे नियम," फोस्को म्हणाला. "हंगाम संपेपर्यंत वाट बघू. नाहीतर ब्रीना कोचावर."

आणि ब्रीनासाठी कोच तयारच होता. अंकोना शहरात राहणारी देलिओची लेक तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरासाठी केव्हापासून कुत्रं मागत होती. तिने तर गुलाबी उशीही आणून ठेवली होती.

मग नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. मंगळवार आणि शुक्रवार शिकार बंद, ते दिवस सोडून देलिओ रोज रानात. घंटा रोज तीस-तीस वेळा थांबायची आणि तो रोज तीस-तीस वेळा चवड्यांवर जायचा. दोनदा ओढ्यात पडला. एकदा काटेरी झुडपात सदरा तिथेच सोडून आला. राणी काही दिसली नाही. शेवटी तो ब्रीनाला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

"नाक तपासा हिचं," तो म्हणाला. "हिला नसलेल्याचा वास येतो."

डॉक्टरने नाक पाहिलं, डोळे पाहिले, दात पाहिले. "कुत्री ठणठणीत आहे. तुमचं वय काय?"

"काय?"

"वय, वय!"

"येत्या मार्चमध्ये तीन," देलिओ म्हणाला. डॉक्टरने आणखी काही विचारायला तोंड उघडलं, तोवर हा ब्रीनाला उचलून दाराबाहेर पडलाही होता.

हंगामाचा शेवटचा दिवस उजाडला. मंडळाने फोस्कोला साक्षीला नेमलं होतं. म्हणजे अब्रू जाणार ती जाणार, वर रानातले आपले नेमके कानेकोपरेही शत्रूला दाखवावे लागणार. देलिओला रात्रभर झोप नव्हती. बाहेर फोस्को गाडीचा भोंगा वाजवत होता आणि आत ब्रीनाचा पट्टा घेऊन नाझारेना उभी होती.

"घंटा नाहीये याला," ती ओरडून म्हणाली. "दोरी कुरतडली उंदरांनी. कुठे पडली देव जाणे."

"आजच?"

"उंदरांना कॅलेंडर कळतं का? ही घे, खुराड्याची लावून दिलीय."

"हे धूड?" पण भोंगा थांबेना. देलिओने कपाळाला हात लावला आणि ब्रीनाला घेऊन निघाला.

रानात धुकं होतं. ब्रीना झाडीत शिरली. ढबढब, ढबढब. वीस पावलं झाली. ढबढब. शंभर पावलं झाली. घंटा आपली वाजतेच आहे. देलिओ कान टवकारून चालत होता. तास झाला, दोन तास झाले. टेकडीच्या त्या अंगाला गेली तरी ढबढब, ओढ्याच्या काठाने फिरली तरी ढबढब. एकदाही थांबेना.

"आज झालंय काय हिला?" देलिओ रडकुंडीला आला. "रोज तीस वेळा थबकते रे. आज एकदा नाही!"

"आज खरं बोलायचं ठरवलं असेल," फोस्को म्हणाला. त्याची मान मोठी ताठ झाली होती. "उशीचा रंग कुठला म्हणालास?"

अकराच्या सुमाराला धुकं विरळ झालं. दोघे गवतावर बसून पाव आणि सॉसेज खात होते. तेवढ्यात घंटा थांबली.

दोघांचेही जबडे एकदम थांबले. ही शांतता वेगळी आहे, हे देलिओला तिथल्या तिथे कळलं. हंगामभर घंटा कशी हळूहळू विरत विरत शांतता व्हायची. ही एकदम झाली, कुणी तोंडावर हात ठेवावा तशी. आणि कुठून झाली तेही त्याला नेमकं ठाऊक होतं.

"ओढ्याचं वळण," तो पुटपुटला. "पडलेल्या झाडाच्या मागे."

"तिथेच," फोस्को पुटपुटला. शत्रुत्व विसरून त्याने देलिओची बाही धरली होती.

दोघे म्हातारे एकामागून एक चवड्यांवर निघाले. पडलेलं झाड आलं आणि मागे ब्रीना. पुढचा एक पाय उचललेला, शेपटी सरळ, नाकापासून शेपटापर्यंत अंग थरथरतंय, पण जागेवरून केसभर हलत नाही. फोस्कोने बंदूक झाडाला टेकवली आणि डोक्यावरची टोपी काढली. देलिओच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग पालापाचोळाच उडाल्यासारखी राणी उठली. दोन झाडांच्या मधून वळली, लांब चोच एकदा उन्हात दिसली. देलिओने दोन्ही बार काढले. एक ओकच्या झाडाला लागला, दुसरा आकाशाला. राणी टेकडीपलीकडे निघून गेली.

"चुकलास," फोस्को म्हणाला.

"साफ चुकलो." देलिओ हसत होता आणि डोळेही पुसत होता. "आणि तू का नाही मारलीस?"

"टोपी होती ना हातात." फोस्को ब्रीनाजवळ गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिचं डोकं दोन्ही हातांत घेतलं. "थापाडी म्हणालो, चुकलो बाई. साक्षात फुरिया आहेस." मग जरा वेळाने, मान वर न करता तो म्हणाला, "लाम्पोला पुढच्या वर्षी आणू का रे एकदा? बसून बसून फुगलाय."

"आण की. तो नियमच गाढवपणाचा होता. केला तरी कुणी?"

"तू."

घरी येऊन देलिओने सगळी हकिगत तीनदा सांगितली. नाझारेना ताटं मांडत ऐकत होती.

"कळलं का तुला, घोडं कुठे पेंड खात होतं?" तो म्हणाला. "ब्रीनाची चूक नव्हतीच. ती नवी घंटाच बोगस! वाजता वाजता मध्येच बंद पडते. सापडू दे, नेऊन बनवणाऱ्याच्या डोक्यात घालतो."

नाझारेनाने एप्रनच्या खिशातून पितळेची घंटा काढली आणि त्याच्या पाठीमागे, चार पावलांवर, हलवली. किणकिण अख्ख्या स्वयंपाकघरात घुमली. चुलीपाशी पडलेल्या ब्रीनाने डोकं वर केलं. देलिओ पावाला लसूण चोळत राणीची चोच किती लांब होती ते सांगत होता. डिसेंबरात कडू पालेभाजी खुडायला नाझारेना ओढ्यावर गेली होती, तेव्हा तिने हेच पाहिलं होतं. हा एका पायावर बगळ्यासारखा उभा, आणि पलीकडे घंटा वाजतेय, वाजतेय. तिला वाटलं, सांगून टाकावं. मग त्याचा चेहरा पाहिला. लग्नाच्या दिवशीही तो इतका खूश नव्हता. तिने घंटा खिशात टाकली.

"जुनीच ठेव मग," ती ओरडली.

"जुनीच. कसा मोकळा आवाज आहे! तुझ्यासारखं तोंडातल्या तोंडात नाही."

दुसऱ्या दिवशी एक वाजता सूप तयार झालं. देलिओ अंगणाच्या टोकाला लाकडं रचत होता. तीन वर्षं रोज यावेळी नाझारेना दारात उभी राहून घसा फोडायची, आणि सूप गार व्हायचं. आज तिने तोंड उघडलं नाही. चुलीजवळच्या खिळ्यावरून फुरियाची घंटा काढली आणि दारात येऊन वाजवली.

ढबढब, ढबढब. देलिओने लाकूड टाकलं आणि लगबगीने निघाला. तो अर्ध्या अंगणात आलेला पाहून नाझारेनाने घंटा थांबवली.

देलिओ तिथल्या तिथे थिजला. एक पाय वर, एक हात हवेत, श्वास रोखलेला. ब्रीना त्याच्या मागे येऊन उभी राहिली, आणि अजिबात घाई न करता वाट बघत थांबली.