भात्याचे वाद्य, नग तीन

साहेब, ही करणी तुमची आहे. न पाहता, न विचारता तुम्ही सही ठोकली आणि बोरीच्या शिवभजन मंडळाची पेटी गेली. 'जुने वाद्य जमा करा, नवीन मिळवा' असं तुमच्याच कागदावर छापलं होतं, म्हणून बसप्पाने चाळीस वर्षं वाजवलेली पेटी तुमच्या कचेरीत नेऊन ठेवली. पंधरा दिवसांनी खोकं आलं. त्यातून निघाल्या सहा कोनांच्या तीन डब्या, दोन्ही हातांत धरून ओढायच्या आणि दाबायच्या. पावतीवर लिहिलेलं: 'कॉन्सर्टिना. भात्याचे वाद्य, नग तीन.'

पेटीलाही भाता, हिलाही भाता. झालं तुमचं समाधान! उद्या कुणी बैल मागितला तर चार पाय मोजून शेळी पाठवाल.

शिवनाम सप्ताह नऊ दिवसांवर आला होता. बसप्पाने कचेरीत फोन लावला. कारकून म्हणाला, "तिन्ही वेगवेगळ्या पद्धतीच्या आहेत. तुमची पारंपरिक चाल तिन्हींवर वाजवून तुलना लिहून ठेवा. एकही उपयोगी नाही असं ठरलं तर जुनी पेटी परत मिळेल. मॅडम तपासायला येतील."

म्हणजे स्वतःचीच पेटी परत मिळवायला आधी नापास होऊन दाखवायचं. बसप्पाला एकच काळजी: चुकून पास झालो तर?

तुलना त्याच्या किराणा दुकानातच सुरू झाली. गायला चुलतभाऊ सोमेश्वर. चाल गावच्या आरतीची, पाचच सुरांची, बापजाद्यांपासून चालत आलेली.

पहिली डबी अँग्लो पद्धतीची. बटन धरून दाबलं की सा, तेच बटन धरून ओढलं की रे. आरती सुरूच होते लांबलचक सा वर. सोमेश्वरने डोळे मिटून सा लावला. भाता मिटत मिटत संपला. बसप्पाने सवयीने ओढला आणि सोमेश्वर बिचारा सुरामागोमाग वर चढला.

"आन्ना, मला कुठं न्यायलाय?"

"म्या न्हाई, ही न्यायलीय. हिनं दम घेतला की सूर बदलायलाय."

"मंग दम घेऊ देऊ नको की तिला!"

दुसरी ड्युएट. डावीकडे खर्ज, उजवीकडे वरचे सूर, ओढा नाहीतर दाबा, सूर तोच. ही बरी वाटली, म्हणून बसप्पा जास्तच घाबरला. पण पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या डोळ्यांना दिसतात. इथे पन्नासेक बटनं, सगळी एका रंगाची, तीही तळहाताखाली लपलेली. तिसऱ्या ओळीत चाल हरवली ती सापडलीच नाही.

"नापास!" सोमेश्वर आनंदाने ओरडला.

पावशेर साखर घ्यायला आलेल्या सरजाबाई दचकल्या. "अगं बाई, कोन नापास झालं?"

"आमी, मावशी. पेढे वाटायलाव."

तिसरी इंग्लिश. तिच्यात सूर दोन्ही बाजूंना वाटून दिलेले. सा डावीकडे, रे उजवीकडे, ग पुन्हा डावीकडे. बसप्पाच्या डाव्या हाताने जन्मभर फक्त भाता हलवला होता, त्याला सूर ठाऊकच नव्हते. उजव्या हाताने तेवढे रे आणि ध निघाले. दात पडलेल्या माणसाने हुरडा खावा तशी ती चाल.

बसप्पाची बायको भागम्मा आत डाळ निवडत होती. ती उठून आली. "अवो, डावी बाजू हिकडं द्या."

"तुला काय येतंय त्यातलं?"

"तीस वर्सं ऐकायले मी. कान काय माहेरी ठिवून आलते का?"

एक टोक नवऱ्याच्या हातात, दुसरं बायकोच्या. सा, ग, प भागम्माकडे. रे आणि ध एवढेच बसप्पाकडे.

"घरात हाय तसंच हाय की," सोमेश्वर म्हणाला.

"तू गप. अगं, आता ओढ!"

"तुमीच दाबायलात अन् मला म्हंता ओढ!"

"ग कुठाय?"

"तुमच्या ध नं वाट सोडली तर यील ना!"

बसप्पाने समाधानाने तक्ता भरला. अँग्लो: दम घेताच सूर बदलतो. ड्युएट: बटने दिसत नाहीत. इंग्लिश: एका वाद्यास दोन माणसे लागतात व ती भांडतात.

पण मॅडम उगवेनात. त्या आल्यावर नापास तर रीतसर व्हायला हवं, म्हणून रोज सराव करावा लागला. चौथ्या दिवशी भांडण कमी झालं. पाचव्या दिवशी सोमेश्वरच्या तोंडून "वा" निघून गेलं. बसप्पाने ताबडतोब भाता मिटला.

"हे बघ," तो बायकोला म्हणाला, "मॅडमफुडं तू प चुकव. मी ध आधीच लावतो."

"बघू," भागम्मा म्हणाली.

"बघू न्हाई. चुकवायचा."

सहाव्या दिवशी संध्याकाळी राजेश्री मॅडम आल्या. महादेवाच्या देवळाच्या ओट्यावर अँग्लो झकास नापास झाली. ड्युएट त्याहून झकास. बसप्पाचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच आरतीची घंटा वाजली.

"तिसरी आरतीतच वाजवा ना," मॅडम म्हणाल्या. "खरी परीक्षा होईल."

बसप्पा आणि भागम्मा दोन टोकं धरून गाभाऱ्यापुढे उभे राहिले. समोर पिंडीवर ताजा बेल, बसप्पाच्या कपाळाला भस्म. त्याने ध आधी लावायला बोट उचललं. बोट खाली येईना. देवापुढे खोटा सूर त्याने उभ्या जन्मात लावला नव्हता. ध जिथे हवा तिथेच पडला. भागम्माने डोळे मिटले होते, तिचा प तर घंटेसारखा वाजला. घसा बसल्याचं सोंग करायचं कबूल केलेला सोमेश्वरही मोकळ्या गळ्याने गायला.

आरती संपली. मॅडमनी डोळे पुसले आणि कागदावर लिहिलं: 'इंग्लिश पद्धत अत्यंत उपयुक्त. वादक दोन, बसप्पा व भागम्मा. जुने वाद्य परत करण्याची आवश्यकता नाही.'

"मॅडम, आमाला वाजवता येत न्हाई वो!" बसप्पा कळवळून म्हणाला.

"किती नम्र आहात तुम्ही," मॅडम म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

सप्ताहाला तीन दिवस उरले. बसप्पाने कचेरीत पुन्हा फोन लावला. उत्तर मिळालं: पेटी हवी तर दोन्ही वादकांच्या सहीचा अर्ज आणा. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने दुकानात बसून अर्ज लिहिला, सही केली आणि कागद भागम्मापुढे धरला. तिने पदराला हात पुसले, सावकाश वाचलं.

"पेटी आली की कोन वाजविनार?"

"मीच की."

"अन् मी?"

"तू बस की बायांत. पयल्यावानी."

भागम्माने पेन कागदावर आडवं ठेवलं. "तीस वर्सं खांबामागं बसले. चकार शबुद काढला न्हाई. आता सा माझ्याकडं हाय, ग माझ्याकडं हाय, प माझ्याकडं हाय. ह्या अर्जात माझी जागा कुठं लिवली?"

बसप्पाने सोमेश्वरकडे पाहिलं. सोमेश्वर एकदम गुळाच्या ढेपेवरच्या माश्या हाकलायला लागला.

"त्याच्याकडं काय बघायलात? मला सांगा. मी कुठं बसायचं?"