रशीदभाऊंचं लाल कार्ड

आमचे शेजारी रशीदभाऊ मिक्सर दुरुस्त करण्याआधी स्वतःचं नाव लिहितात. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्याला लाल रंग, कोपऱ्यात सुतळी, असं त्यांचं कार्ड. ते बटनाच्या बोर्डाला लटकवायचं, त्यावर खडूनं ‘रशीद’ लिहायचं, मगच पेचकस हातात. झाकण उघडं असताना आणखी कोणाचा हात आत गेला तर त्याचंही नाव चढतं. काम संपलं की ज्यानं त्यानं आपलं नाव काटायचं, सगळी नावं काटली की मगच बटन चालू. दुसऱ्याचं काटणं म्हणजे महापाप.

म्हणे सिमेंट कारखान्यातला नियम. तीस वर्षं तिथं विजेचं काम केलं. अहो, पण माणूस रिटायर झाला, आता नियमालाही सुट्टी द्या की. सुनेनं मिक्सरमधली अडकलेली मिरची काढली तर तिच्या हातातही खडू. अख्ख्या गडचांदुरात असा चक्रम दुसरा नसेल.

माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जुना कंप्युटर जळाला, म्हणून नागपूरहून सुटे भाग आणले आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहून स्वतःच जोडले. बटन दाबलं तर ढिम्म. ना लाइट, ना पंखा. त्यात पीकविम्याची शेवटची तारीख. आठ शेतकरी सकाळपासून सातबारा घेऊन बाकावर बसलेले. झक मारून रशीदभाऊंना बोलावलं.

त्यांनी आधी प्लग काढला, कार्ड टांगलं आणि खडू माझ्यापुढे धरला.

“भाऊ, हा कंप्युटर हाय, कारखाना नोहे. याचा पंखा लई झालं तर नख मोडन.”

“नाव लिव, मंग बोल.”

लिहिलं बुवा. सांगतो काय, या माणसानं जन्मात कंप्युटर आतून पाहिला नव्हता. “तार ते तारच असते,” म्हणाले. एकेक वायर काढायची, वास घ्यायचा, फुंकायची, परत बसवायची. तासभर हा तमाशा चालला. शेवटी त्यांचं बोट एका जागी थांबलं. पुढच्या बटनाची बारीक वायर एक पिन सोडून बसली होती.

“हे कोनं बसोलं?”

मी छताकडे पाहिलं. त्यांनी वायर काढून नीट जागेवर बसवली, त्याचा मला जास्तच राग आला.

“जाय, जेवून ये. बाकीचं पाहतो मी.”

मोबाइल दुकानातच विसरून मी घरी गेलो. परत आलो तेव्हा तीन वाजत आले होते. झाकण बसलेलं, पेच आवळलेले, शेतकरी पेंगलेले. प्लग मात्र बाहेरच.

“झालं नाई का अजून?”

“केव्हाचंच झालं.”

“मंग चालू काऊन नाई केला?”

“तुयं नाव हाय ना कार्डावर.”

माझं डोकंच फिरलं. “लोकं सकाळपासून उपाशी बसून राह्यले! मी घरी वरण-भात खाऊन राह्यलो होतो, भाऊ. या डब्यात मावतो तरी का मी? लोकं हसतात तुमच्यावर, माहीत हाय का?”

“हाव, माहीत हाय.” त्यांनी शांतपणे खडू पुढे केला. मग म्हणाले, “बंडू होता माया जोडीदार. कारखान्यात दगडं नेनाऱ्या पट्ट्याखाली काम करून राह्यला होता. म्या आवाज देला, तो बोलला नाई. मले वाटलं, जेवाले गेला असन. म्हणून म्या त्याचं नाव काटलं अन् पट्टा चालू केला.”

मला माझीच लाज वाटली. खडू घेऊन मी माझं नाव काटलं, दोनदा काटलं. त्यांनीही आपलं काटलं, कार्ड उतरवलं, प्लग लावला. बटनावर बोट ठेवून थांबले. मी हातभर अंतरावर उभा होतो, तरी त्यांनी मान न वळवता आवाज दिला.

“गजू, बाहेर हायेस ना?”

“हाव भाऊ, बाहेरच हाय.”

मग त्यांनी बटन दाबलं.