घरचंच आहे, जुनंच आहे

अमेरिकेतल्या बफेलोच्या दुकानाबाहेर रविकांतने कणीक मळायच्या मशीनचा नवाकोरा खोका फाडून कचऱ्यात टाकला. मशीन जुन्या चादरीत गुंडाळून त्याने डिकीत ठेवलं. बायकोने, वनिताने, हिवाळाभर कात्रीने कापून जमवलेली कूपनं लावली, म्हणून ते निम्म्या भावात पदरात पडलं होतं. आता कॅनडाच्या सीमेवर टॅक्स भरायचा, तर ती सगळी कमाई तिथंच सांडायची.

"विचारलं तर म्हणायचं, घरचंच आहे, जुनंच आहे."

"मला नाही जमत खोटं बोलणं."

"तू बोलूच नको. मी बोलतो."

कॅनडात स्कारबरोच्या घरापर्यंत गाडी हाकायची, म्हणून सीट मागे टाकून त्याने जरा डोळा मिटला. झोपेत कपाळाला गार बोट लागलं. ही ताप बघत असेल, असं वाटून त्याने कूस बदलली.

सीमेवरच्या पुलावर गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. खालच्या नदीत रविकांतला कॅनडात कायम राहण्यासाठी केलेला आपला पीआरचा अर्ज वाहत जाताना दिसू लागला. एक खोटं सापडलं, की इथला मांडलेला संसार भांड्याकुंड्यांसकट नागपूरला. शेजारी वनिता गुणगुणत होती, "कणकेचा बाई गोळा, मनगटा नाही कळा..."

तिची बोटं लालभडक होती.

"हे काय?"

"मशीनला कुंकवाची पाच बोटं ओढली. नवी वस्तू कोरडीच न्यायची का घरात?"

"अगं, जुनं म्हणून सांगायचंय ते. उतर आणि पूस आधी."

"लावलेलं कुंकू पुसतात का? काहून अभद्र बोलता?"

तेवढ्यात त्यांची पाळी आली. सोनेरी केसांच्या अधिकारी बाईंनी दोघांना खाली उतरवून डिकी उघडायला लावली. चादरीवरचे लाल डाग दिसताच त्यांचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला. दुसऱ्या हाताने त्यांनी चादर सावकाश बाजूला केली.

"हे जुनं आहे की नवीन?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

वाटभर घोकलेलं वाक्य रविकांतच्या टाळूला चिकटून बसलं.

"नवीन," वनिता म्हणाली. "आत्ताच पूजा केली. ही पावती, ही कूपनं."

बाईंचा हात कमरेवरून खाली आला. "वाटलंच मला. मागे एक टीव्ही असाच नटून आला होता. मालक म्हणाले, जुना आहे." त्यांनी पावती हातात घेतली. "त्यांना घरी जायला फार उशीर झाला."

बाई आता रविकांतकडेच निरखून बघत होत्या.

"आणि हे? हेही आजच घेतलं?"

त्याने गाडीच्या काचेत पाहिलं. कपाळावर ठसठशीत लाल टिळा होता.

"नाही मॅडम," वनिता लगबगीने म्हणाली. "हे घरचंच आहे. जुनंच आहे."

"मग याच्यावर टॅक्स नाही," बाई म्हणाल्या आणि मशीनचा टॅक्स भरायची खिडकी त्यांनी बोटाने दाखवली.