तीन रंगांत बुडालेला युनिफॉर्म

"मी नर्स होणार," असं लेक सकाळी म्हणाली आणि दुपारी जेवायच्या आत शिंप्याने तिचा युनिफॉर्म शिवूनही टाकला. कोर्स कोणता, प्रवेश कुठे, हे विचारायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. गिऱ्हाईक बोलत असतानाच कात्री चालवायची, ही त्याची जुनी खोड. पांढराशुभ्र सुती युनिफॉर्म दुकानाच्या दारात लटकवून त्याने हात जोडले. "देवा, अर्धं काम मी केलंय. उरलेलं तू बघ."

देवाच्या आधी मामा आला. मामा म्हणजे शिंप्याचा मेव्हणा, कचेरीतला कारकून.

"दाजी, पांढरा? अहो, पदवीच्या मुली आकाशी घालतात! नर्सिंग म्हणजे चार वर्षांची पदवी. बाकी सगळं थातुरमातुर."

"त्याला बारावीला सायन्स लागतं," मागच्या खोलीतून बायको म्हणाली. "हिचं आर्ट्स आहे."

"मग पुन्हा बसेल बारावीला!"

मामाचं निरूपण एकदा रंगलं की मध्ये टाळ वाजवायलाही जागा मिळत नसे. शिंपी मान डोलावत होता आणि डोलावता डोलावता त्याने निळ्या रंगाचं पातेलं चुलीवर चढवलंही होतं. मामाचं बोलणं संपलं तेव्हा युनिफॉर्म आकाशी झाला होता.

"बाबा, मला विचारा ना," लेक म्हणाली.

"थांब गं, आधी वाळू दे."

वाळतोय तोच शिंप्याची बहीण आली. "दादा, त्या मामाचं ऐकून पोरीला म्हातारी करणारेस का? दोन वर्षांचा कोर्स असतो. आमच्याकडे येते ना ती सिस्टर! बाळांना लस टोचते, बाळंतिणींची विचारपूस करते. अख्खी वस्ती तिच्या शब्दाबाहेर नाही. गुलाबी घालते ती, गुलाबी!"

आत्या बाळंतपणांच्या हकिगती सांगत राहिली, शिंपी पातेलं ढवळत राहिला. आकाशीवर गुलाबी चढला आणि युनिफॉर्म जांभळा झाला.

"हा आता कुठल्या कोर्सचा?" बायकोने विचारलं.

"असेल एखाद्या," शिंपी पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी शेजारचा औषधवाला बटण लावून घ्यायला आला. जांभळा युनिफॉर्म बघून तो हळहळला. "मास्तर, मधला रस्ता सोडून कुठे भरकटलात? तीन वर्षांचा डिप्लोमा! आर्ट्सवाल्यांनाही घेतात. माझ्या मेव्हणीने तोच केला. थेट वॉर्डात काम. युनिफॉर्म मात्र हिरवा हं."

मेव्हणीचं कौतुक बरंच लांबलं. पातेल्यातून निघाला तो रंग बघून औषधवाला स्वतःच दचकला. "हा... हिरवा?"

तो अगदी वांगी रंग होता. बटण न लावून घेताच औषधवाल्याने काढता पाय घेतला.

शिंपी मटकन स्टुलावर बसला. "प्रवेशाची उद्या शेवटची तारीख आणि मी अजून रंगातच! मला वाटलं, नर्स म्हणजे नर्स. शर्ट म्हणजे शर्ट, तसं."

"एका शर्टाला तुम्ही दहा तऱ्हेच्या कॉलरी लावता की!" बायको म्हणाली. "आता तरी पोरीला विचारा."

त्याने विचारलं. लेकीने डिप्लोमाचं नाव घेतलं, तसा तो कळवळला. "पण उद्या मोठ्या इस्पितळाने पदवीच हवी म्हटलं, तर? जन्मभर आखूड पडेल गं तुला."

लेकीने युनिफॉर्म उलटा केला आणि शिवणीवर बोट ठेवलं. "बाबा, हे आत दुमडलेलं काय आहे?"

"माया. वाढत्या अंगाला ठेवावीच लागते. उसवली की कपडा मोठा होतो."

"तसंच आहे हे. डिप्लोमा करून नोकरीला लागायचं. पुढे आणखी दोन वर्षं शिकलं की पदवी. आत्याचा रस्ताही चांगला आहे, मामाचाही. पण मला वॉर्डात, पेशंटच्या उशाशी काम करायचंय आणि ते यंदाच सुरू करायचंय. मी नर्सिंग स्कूलमध्ये जाऊन सगळं विचारून आलेय."

शिंप्याने शिवण चाचपली. मग डोळे पुसायला हाताला जे कापड लागलं ते घेतलं. ते वांगी होतं.

दुसऱ्या दिवशी प्रवेश झाला. लेक नको नको म्हणत असताना शिंप्याने पिशवीतून युनिफॉर्म काढून नर्सिंग स्कूलच्या मोठ्या सिस्टरांपुढे ठेवलाच.

"युनिफॉर्म आम्ही ठरवतो, काका," सिस्टर म्हणाल्या.

शिंप्याचा चेहरा पडला. सिस्टर कापडाकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी कपाटातून आयोडीनची बाटली काढली आणि एक थेंब बाहीवर टाकला. डाग दिसेना. आणखी एक टाकला. तोही दिसेना.

"आमच्या पांढऱ्यावरचे डाग घासून मुली रडकुंडीला येतात. यंदा रंग बदलायचाच होता. अख्ख्या वर्गाचे शिवाल? पण रंग हाच हवा. अगदी हाच."

"शिवीन की!" शिंपी म्हणाला आणि घरी येईपर्यंत हवेतच चालत आला.

दारातूनच तो ओरडला, "अगं, मेव्हण्यांना बोलाव! माझ्या बहिणीला बोलाव! औषधवाल्यालाही!"

"आनंदाची बातमी द्यायला?"

"ती देऊच गं. पण कापड कुठल्या रंगात किती वेळ होतं, कुणी बघितलंय? जो जितका वेळ बोलला, तितका वेळ!"

मामा आला. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून गहिवरून म्हणाला, "झाला ना प्रवेश? छान झालं. आता मी काय बोलणार?"

"असं करू नका मेव्हणे," पातेलं ढवळत शिंपी काकुळतीला आला. "बोला, चांगलं सविस्तर बोला. निळा अजून फिका आहे!"