भुसारीकाकांचं चौथं गाणं

आमच्या शेजारचे भुसारीकाका रोज संध्याकाळी सोफा बडवतात. रागानं नव्हे, नेमानं. कामावरून आले, हातपाय धुतले, देवापुढं दिवा लागला, की सोफ्याच्या तीन गाद्या जमिनीवर मांडायच्या, समोर बसायचं आणि दोन लाकडी चमच्यांनी त्या अशा झोडपायच्या की भिंतीपलीकडं आमच्या बरण्या नाचू लागतात. आयर्लंडात, ल्यूकनमधली आमची घरं जोडीनं बांधलेली. दोन घरांत मिळून एक भिंत, आणि तीही नावापुरतीच. कपाटाला इथं प्रेस म्हणतात. माझी लेक गृहपाठातून मान वर न करता ओरडते, "आई, द प्रेस इज शेकिंग अगेन!"

२०१४ साली आम्ही पुण्याहून इथं राहायला आलो आणि त्याच आठवड्यात मी तक्रार करायला गेले. रिकाम्या हातानं तक्रार कशी करायची, म्हणून शंकरपाळ्यांचा डबा घेतला. दार काकांनीच उघडलं. पन्नाशीचा, काटकुळा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात चमचे.

"आवाज होतो?"

"थोडासा."

"होणारच. खरे ड्रम आणणार होतो. शेजारी माणसं राहतात म्हणून गाद्या."

दार बंद. मी डबा धरून तिथंच. दार पुन्हा उघडलं. "शंकरपाळे? ग्रँड!" डबा आत, दार बंद. मग नलूकाकू बाजूच्या फाटकातून धावत आल्या. "वाईट वाटून घेऊ नकोस गं. यांचं सगळं एका मिनिटात असतं. मला बघायला आले तेव्हा पोहे यायच्या आधी होकार देऊन मोकळे झाले होते."

"एका मिनिटात सांगता येत नसेल तर सांगूच नये," हे काकांचं ब्रीद. काका इथल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथं बढती मिळाली म्हणून पार्टी दिली, तेव्हा सगळ्यांनी भाषणाचा आग्रह धरला. काका उभे राहिले. "मी आलो. तुम्ही आलात. आता जेवा." समोरच्या घरातला म्हातारा नोएल हवामानावर बोलू लागला की अर्धा तास सहज काढतो, काका आभाळाकडं एकदा बघतात, "ग्रँड" म्हणतात आणि घरात जातात. आमच्याकडं सत्यनारायण होता. पूजा सांगायला आलेले गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअर कंपनीत असल्यामुळं शनिवारी त्यांना बोलण्याची हौस फार. दुसऱ्या अध्यायाशी काका त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "साधुवाण्याची नाव बुडाली, मग वर आली. पुढं?" गुरुजी गोंधळून थेट आरतीवर आले. घरातल्या पोराटोरांनी त्या दिवशी काकांना मनातल्या मनात नमस्कार केला असणार.

अशा माणसाकडून त्याच्या आयुष्याची गोष्ट काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. मी ती एकेका मिनिटाच्या हप्त्यांनी गोळा केली. कधी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना, कधी बसस्टॉपवर.

ऐंशीच्या दशकात काका नागपुरात इंजिनिअरिंगला होते. कुणाच्या तरी अमेरिकेतल्या भावानं एक कॅसेट पाठवली. त्यात हार्डकोर पंक होतं.

"म्हणजे काय हो काका?"

"रॉक असते ना, त्यातलं गुळमुळीत सगळं काढून टाकायचं. जे उरते ते."

ती कॅसेट ऐकून होस्टेलच्या चार पोरांनी बँड काढला. नाव 'मेस बंद'. ढोलाचं कातडं आणि पत्र्याचे डबे जोडून केलेले ड्रम काकांकडं, आणि गाणारा गज्या, म्हणजे काकांचा खोलीतला सोबती गजानन. देशात कुणी त्यांच्या आधी असं काही केलं असेल तर काकांना माहीत नाही. विदर्भात तरी नाही, यावर ते ठाम आहेत. गाणी चार. एकही मिनिटाच्या वर नाही. 'पोळी कच्ची', 'डाळीत डाळ कुठे', 'वॉर्डन झोपला का' आणि चौथं, ज्याला एकच ओळ होती: 'आम्ही इथून उठणार नाही'. ती ओळ गज्या हात वर करून ओरडत राहायचा. त्यानं हात खाली केला की गाणं संपलं, असा नियम.

बँड एक सत्र जगला. शेवटचा कार्यक्रम कॉलेजच्या गॅदरिंगला. चौथं गाणं सुरू झालं आणि प्राचार्यांनी मेन स्विच बंद करायला लावला. अंधार झाला, माइक गेला, गिटार गेली.

"आणि तुम्ही?"

"मीही थांबलो," काका म्हणाले. "गज्या ओरडतच होता, बिनमाइकचा. हात वर. मी थांबलो." मग बस येताना दिसली तसे पुढं होऊन त्यांनी मलाच विचारलं, "ड्रमला वीज लागते का?"

हा प्रश्न त्यांनी पुढंही मला अनेकदा विचारला. उत्तर त्यांना नकोच असायचं.

ते चौथं गाणं एकदा लोकांसमोर पुरं वाजवायचं, हा काकांचा ध्यास. त्यासाठी त्यांनी गाठली आमची गणपती समिती. शेजारच्या ॲडम्सटाउनच्या कम्युनिटी हॉलमध्ये दरवर्षी गणपती बसतो. आरती, मग करमणुकीचा कार्यक्रम, मग महाप्रसाद. कार्यक्रम अनघाताईंच्या ताब्यात. अनघाताई हातात पितळी घंटा घेऊन बसतात आणि वेळ संपली की वाजवतात. तरी कार्यक्रम लांबतो, मसालेभात गार होतो आणि हॉलचा रखवालदार दारात किल्ल्या खुळखुळवतो. ही परंपरा आता बाप्पाइतकीच पक्की आहे.

दर जुलैत काकांचा ग्रुपवर मेसेज पडायचा. "मेस बंद. चार गाणी. भुसारी." आणि दर जुलैत अनघाताई नाही म्हणायच्या.

"अहो काका, बाप्पासमोर 'पोळी कच्ची' काय? आत बायका राबून पोळ्या लाटतात."

"त्यांच्यासाठी नाही. मेसच्या कंत्राटदारासाठी आहे."

"तो कंत्राटदार इथं आहे का?"

"नसला म्हणून काय झालं?"

काका कधी चिडले नाहीत, रुसले नाहीत. मोदकांना नारळ खोवायला दरवर्षी सगळ्यांत आधी हजर. खोवणी थांबवून फक्त विचारायचे, "पुढच्या वर्षी?" त्यांच्या जागी मी असते तर एक नारळ अनघाताईंच्या डोक्यात घातला असता.

मग २०१८च्या उन्हाळ्यात आमच्या मंडळींची सहल निघाली. पार्कमध्ये सगळे पोटभर जेवून गवतावर पसरले होते. काकांनी सवयीनं रिकाम्या कूलबॉक्सवर चमचे धरले. धाड-धाड, धडधड-धाड. दोन झाडांपलीकडं लवंडलेला रोहित ताडकन उठून बसला. हा नास नावाच्या जवळच्या गावात राहणारा तिशीचा मुलगा, आमच्या समितीचा साउंडवाला, आणि गिटारही वाजवणारा. त्यानं ताट उचललं आणि तोच ठेका तस्साच वाजवला.

"काका, हे तुम्हाला कुठून माहीत? हे तर आमच्या होस्टेलचं आहे! पोळी कच्ची निघाली की अख्खी मेस असंच ताट वाजवायची. पहिल्या वर्षाच्या पोरांना सीनियर शिकवायचे."

"कोणतं होस्टेल?"

रोहितनं सांगितलं. तेच.

"हे आधी कुणी वाजवलं, माहीत आहे का बे तुला?"

"कुणास ठाऊक. पहिल्यापासून आहे म्हणतात."

काकांनी चमचे खाली ठेवले आणि ते पाठ करून गाडीपाशी जाऊन उभे राहिले. आम्हाला वाटलं, निघाले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. "पहिल्यापासून नाही," रोहितला म्हणाले. "आमच्यापासून."

त्या जुलैत अनघाताई नाही म्हणाल्या तेव्हा रोहितनं एवढंच विचारलं, "मग साउंड कोण बघणार, ताई?" काकांना पाच मिनिटं मिळाली. नोएलच्या भावाचे जुने ड्रम त्याच्या शेडमध्ये पडून होते, ते त्यानं हौसेनं घासूनपुसून दिले. "फेअर प्ले टु युअर मॅन," मला म्हणाला. म्हणजे, शाबास त्या काकांची.

प्रश्न राहिला गायकाचा. रोहित म्हणाला, मी गातो. काका म्हणाले, "गायक आहे."

"कोण?"

"आहे ना."

याहून जास्त काही कळेना. माझा संशय होता की काका स्वतःच गाणार, आणि त्या कल्पनेनंच मला घाम फुटायचा. एक मात्र माझ्या ध्यानात आलं होतं. रविवारी दुपारी गाद्यांचा आवाज तासभर चालायचा. मध्येच थांबायचा, शांतता पसरायची, परत सुरू व्हायचा. बोलणं एक शब्द नाही. एका मिनिटाचा माणूस तासभर काय करतो, हे मला कोडं होतं. काकूंना विचारलं, तर त्यांनी विषय बदलला.

कार्यक्रमाच्या दिवशी काकांनी मला विंगेत बोलावलं आणि हातात फोन दिला. "माइकच्या स्टँडला बांध. तोंड माझ्याकडं."

फोनवर नागपूरची एक खोली होती. पलंगावर एक माणूस, हाडांचा सापळा, पण शर्ट इस्त्रीचा. गळ्याभोवती पांढरी पट्टी. मला बघून त्यानं हात जोडले.

"हा गज्या," काका म्हणाले. "गायक. घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. आता डॉक्टरांनीही हात टेकले. शब्द सगळे पाठ आहेत." एक श्वास घेतला. "फोनमुळं थोडा मागं पडते. होस्टेलमध्येही पडायचा."

मी गाठ मारली. कशी मारली माझं मला माहीत, डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

पहिली तीन गाणी कुणाला काही कळायच्या आत संपली. रोहितची गिटार, काकांचे ड्रम, आणि मध्ये माइकसमोर कुणीच नाही. भारतातून लेकाकडं आलेल्या एका आजोबांनी कानांवर हात ठेवले. मागून कुणी ओरडलं, "अहो, माइक बंद आहे!" त्यांना फोनची पाठ दिसत होती. विंगेतून मला गज्याचं तोंड दिसत होतं. कपाळाच्या शिरा ताणून तो एकेक शब्द म्हणत होता.

चौथं सुरू झालं. गज्यानं हात वर केला. त्याचे ओठ तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणू लागले. मिनिट झालं. हात खाली येईना. काका वाजवत राहिले. शर्ट भिजला, चष्मा नाकावर घसरला. अनघाताई घंटा घेऊन विंगेत आल्या, "काका, वेळ..." म्हणाल्या, आणि त्यांना फोन दिसला. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी घंटेचा लोलक मुठीत घट्ट धरला.

तेवढ्यात खाली महाप्रसादाची रांग लावणाऱ्या बायकांनी जमिनीवर बसलेल्या मुलांना उठवायला सुरुवात केली. रोहितला राहवलं नाही. तो माइकशिवाय ओरडला, "आम्ही इथून उठणार नाही!" मुलांना दुसरं काय हवं होतं? सगळी पोरं खाली ठोकून बसली आणि ओरडू लागली, "उठणार नाही! उठणार नाही!" घरी मराठीत एक उत्तर न देणारी माझी लेक सगळ्यांत पुढं, गळा फाडून, आयरिश हेल काढून. फोनमधल्या माणसाला ते थोडं उशिरा पोचलं असेल. त्याचं तोंड क्षणभर थांबलं, चेहरा वेडावाकडा झाला, आणि वर केलेला हात आणखी वर गेला.

किती वेळ चाललं कुणास ठाऊक. गज्याचा हात खाली आला तेव्हाच काकांचे हात थांबले.

मग मसालेभात गारच वाढला गेला. रखवालदारानं किल्ल्या खुळखुळवल्या. आम्ही सतरंज्या गुंडाळल्या, खुर्च्या रचल्या, तरी काका ड्रमपाशी, फोन दोन्ही हातांत धरून बसलेले. दोघं एकमेकांकडं बघत होते. नलूकाकू ताट घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, उठता का? सगळे जेवले."

काकांनी मान हलवली. "तू हो पुढं," ते म्हणाले. "मला वेळ लागेल."