गेणूआबा आणि दहाव्याचा कावळा

अख्ख्या बारामती-इंदापुरात अंगात शक्ती असलेला माणूस एकच, आणि तो शेळगावात राहतो. गेणूआबा त्याचं नाव. त्याला उडता येत नाही. भिंतीतून आरपार जाता येत नाही. गुडघा धरल्यापासून एसटीची पायरीसुद्धा दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चढावी लागते. पण दहाव्याला आबा पिंडाजवळ नुसता येऊन उभा राहिला की कावळा शिवतो. लगेच! कुठलाही कावळा, कुठल्याही गावचा.

दहाव्याला उन्हात ताटकळलेल्या माणसाला या शक्तीचं मोल सांगायला नको. कावळा झाडावर येतो, पिंडाकडे बघतो आणि मान फिरवतो. मग गेलेल्याचा जीव कशात अडकलाय याचा शोध सुरू होतो. पोरं हात जोडून एकेक गोष्ट कबूल करत जातात. धाकटीचं लग्न करू. बांधावरचा आंबा तोडणार नाही. ज्या बोलावर कावळा खाली येईल तो बोल पाळावा लागतो, कारण सगळं गाव ऐकत असतं. आबा आला की ही भानगडच नाही. तेव्हा आबाला सगळ्यात जास्त मागणी कुणाची, हे ओळखायला फार डोकं लागत नाही. ज्यांना काहीच कबूल करायचं नसायचं, त्यांची.

आबाला स्वतःला ही शक्ती नको होती. ती आली त्याच्या बायकोच्या, तानूबाईच्या दहाव्याला. तंबाखू सोडीन, असं कबूल करायचं त्यानं मनाशी ठरवलं होतं. जन्मभर ती तंबाखूवरून भांडली होती. घाटावर तो टोपी सारखी करून हात जोडायला गेला, तोवर कावळा पिंडावर चोच मारून उडालासुद्धा. लोक म्हणाले, बाई समाधानानं गेली. आबाला ते पटलं नाही. एवढी भांडणारी बाई जाताना काहीच मागत नाही म्हणजे काय? तेव्हापासून तो तंबाखू खायचा, पण तिची चव गेली होती.

पुढं ज्या ज्या दहाव्याला तो गेला तिथं हेच झालं. निमगाव केतकीत तर पुढारी श्रद्धांजलीला उभा राहून ‘आज आपण इथं’ म्हणतोय, तोच कावळा शिवला आणि मंडळी चपला शोधायला लागली. पुढाऱ्यानं ते भाषण अजून जपून ठेवलंय म्हणतात. आबाच्या वाढदिवसाला गावातल्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. त्यावर आबा, आबाच्या मागं कावळे आणि खाली मोठ्या अक्षरात ‘शेळगावचा सुपरहिरो’. आबा महिनाभर चौक टाळून लांबच्या वाटेनं दळणाला जायचा.

मग सांगवीचे रघुनाथतात्या वारले. त्यांचा एकुलता मुलगा सोपान बारामतीत मोठ्या हुद्द्यावर. त्यानं सगळं आधीच ठरवून टाकलं होतं. दहावा उरकला की शेळ्या बाजारात न्यायच्या आणि आईला फ्लॅटवर. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बऱ्याचदा बंद. पण हवा फार छान, असं तो प्रत्येकाला सांगत होता. आबाला आणायला त्यानं एसीची गाडी धाडली.

आबा गाडीतून उतरल्या उतरल्या सोपानची आई, कुशाबाई, त्याला गाठून बाजूला घेऊन गेली.

“आबा, जरा उशिरानं या पिंडापाशी.”

“मी काय करत न्हाय बाई. त्येच येत्यात.”

“आमच्या मालकाचा जीव शेळ्यांत होता आन् माझ्यात. पोराला म्हाईत हाय, पण त्याच्या तोंडनं येत न्हाय. चार माणसांत कबूल केल्याबिगर ते पाळायचं न्हाय. आन् तुमी पिंडापाशी गेला की त्यो सुटला.”

“मग मी काय करू?”

“आज कावळ्यांना वळख देऊ नका.”

आबा आजवर असा विचार करून कधी वागला नव्हता. पण ‘त्यो सुटला’ हे त्याला कुठंतरी लागलं. नीरेच्या घाटाला लागूनच तात्यांचं रान, आणि रानाच्या कडेला शेळ्यांचं पत्र्याचं शेड. कुशाबाईनं त्याला आत घालून बाहेरनं कडी लावली.

घाटावर पिंड मांडलं. एकही कावळा नाही. कारण पंचक्रोशीतले सगळे कावळे शेडच्या पत्र्यावर उतरून कलकलाट करत होते. सोपान आबाला फोन लावत राहिला. आबाला तो बंद करता येईना, म्हणून त्यानं फोन कडब्यात खुपसला.

शेवटी भावकीनं सोपानला पुढं ढकललं. दहाव्याला माइक लावलेला होता, त्यामुळे शेडमध्ये सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. सोपान म्हणाला, बाबांच्या सगळ्या इच्छा पूर्ण करीन. कावळा नाही. कुणीतरी म्हातारा म्हणाला की कावळ्याला असं मोघम चालत नाही, नीट नाव घेऊन सांग. सोपाननं वाचनालयाला कपाट दिलं. शाळेला पंखा दिला. ऊन चढत चालल्यावर घाटाला पायऱ्या बांधून द्यायलाही तो तयार झाला. फक्त आईचं नाव येईना.

आबाला शेडमध्ये राहवेना. त्यानं समोरच्या शेळीला सांगून टाकलं, “तंबाखू सोडली बघ, तानू.” शेळी पाला चावत राहिली. आबानं डोळे पुसून कनवटीची पुडी तिच्यापुढं टाकली. तिनं ती हुंगली आणि तोंड फिरवलं.

तेवढ्यात माइकमधून सोपानचा आवाज आला. आता तो साहेबासारखा बोलत नव्हता.

“बाबा, आई हितंच राहील. तिच्या मनाविरुद्ध तिला न्हेणार न्हाय. शेळ्या इकणार न्हाय.”

शेळ्यांना पाणी दाखवून येते, असं सांगून कुशाबाई उठली आणि तिनं कडी काढली. आबा अंगाला कडबा लागलेल्या अवस्थेत घाटाकडे निघाला, आणि त्याच्या डोक्यावरून कावळ्यांची फौज. तो पोचायच्या आत पिंडाचा फडशा!

सोपाननं विचारलं, “आबा, हुता कुठं?”

“पोट बिघडलं हुतं,” आबा म्हणाला. शेडात काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

कुशाबाईनं मात्र आबाला कोंडल्याचं सगळ्या बायकांना सांगितलं. दहाव्याला बोलावणाऱ्या पोरांनी धसका घेतला आणि त्यांचे फोन यायचे ते बंद झाले. आबाला वाटलं, सुटलो. मग निमगाव केतकीहून स्वप्नाली नावाच्या एका पोरीचा फोन आला. सोमवारी तिच्या वडलांचा दहावा होता आणि भावांकडून तिला काही कबूल करून घ्यायचं होतं.

“तुमी येऊ नका, आबा.”

“बरं झालं. घरीच हाय मी.”

“घरी न्हाय बसायचं! तुमी घरी बसला तर आमचा कावळा आपला आपण शिवंल. तुमी गावात पायजे, कावळे धरून, पण घाटावर नको. येऊन येऊ नका. गाडी धाडते.”

सोमवारी आबा टोपी घालून भल्या सकाळी ओट्यावर गाडीची वाट बघत बसला. काम काहीच नव्हतं, पण ते वेळेवर करायचं होतं.